पेटीवाचून संगणक

यंत्र उघडून त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे, ही ओढ बाल्याची एक निरोगी खूण होय. पूर्वी ही ओढ घड्याळाच्या वाट्याला येई. पुढे ती रेडिओच्या वाट्याला आली. आज ती संगणकाच्या वाट्याला आली आहे. तिला वडीलधाऱ्यांकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘हात लावू नकोस’; आणि दुसरे, ‘तुला काय हवे ते कर’. पहिल्या उत्तराने मुलाची जिज्ञासा मरते. दुसऱ्याने पुष्कळदा यंत्र मरते, आणि एखादे वेळी त्याहूनही मोठा अनर्थ ओढवतो. या दोन उत्तरांच्या मधून जाणारी एक तिसरी वाट आहे व ती दाखविण्याचे काम शाळेचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका लहानशा प्रश्नाच्या निमित्ताने ते मत मी विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडू इच्छिते.

प्रश्न असा. आपल्याकडील बहुतेक शाळांत एक अडगळीची खोली असते, आणि त्या खोलीत मोडक्या बाकांच्या व फाटक्या नकाशांच्या संगतीला हल्ली जुने संगणकही जाऊन बसले आहेत. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्या लोखंडी पेट्या गंजतात, पुढची बटणे तुटतात, झाकणे नीट बसेनाशी होतात. आतला बोर्ड मात्र कित्येकदा धडधाकट असतो. मग एके दिवशी भंगारवाला येतो आणि सारे वजनावर उचलून नेतो. त्याच शाळेत, त्याच वर्षी, अशी अनेक मुले असतात की, ज्यांनी संगणकाचा पडदा पाहिला आहे, कळफलक बडविला आहे. परंतु त्या दोहोंच्या मध्ये काय असते ते एकदाही पाहिलेले नाही. असा धडधाकट बोर्ड पेटीतून काढून एका लाकडी फळीवर नीट बसवावा आणि तो उघडा, चालता संगणक मुलांपुढे ठेवावा, अशी माझी सूचना आहे. मात्र त्यातील ‘नीट’ या एका शब्दावर या लेखाचा सारा भर आहे.

कला शाखेच्या पदवीधराने या विषयात तोंड घालावे, याचे कुणास नवल वाटेल. पण मला या विषयाकडे ओढले ते एका शब्दानेच. संगणकाच्या मुख्य पाटीला ‘मदरबोर्ड’ म्हणतात. घरी आम्ही कोंकणी बोलतो आणि आईला ‘आवय’ म्हणतो. या पाटीला आईची उपमा देणारा मनुष्य कोणीही असो, त्याने उपमा चुकविली नाही. प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, नाना प्रकारची कार्डे ही सर्व तिच्या अंगाखांद्यावर बसतात. तिच्यावाटेच त्यांना वीज मिळते आणि तिच्यावाटेच ती परस्परांशी बोलतात. उलट, ज्या पेटीत ती राहते तिला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो. वस्तुतः सीपीयू ही एक तळहाताहूनही लहान चकती आहे. ती त्या पाटीवर, पंख्याखाली झाकलेली असते. नाव पेटीला आणि काम चकतीचे, असा हा घोटाळा केवळ झाकण न उघडल्यामुळे झाला आहे. उघडा संगणक एकदा पाहिलेले मूल हा घोटाळा पुन्हा करणार नाही. शब्दाचा अर्थ कळण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि भाषेच्या शिक्षिकेने त्याची शिफारस केली तर ते अस्थानी होऊ नये.

आता मुद्द्याकडे वळू. पेटी काढणे सोपे आहे. चार स्क्रू फिरविले की झाकण निघते. परंतु पेटी म्हणजे नुसते सामान ठेवण्याचे खोके नव्हे. ती मुकाट्याने पाच कामे करीत असते, आणि ती मुकाट्याने करते म्हणूनच ती आपल्या ध्यानात येत नाहीत. घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाचे काम ते माणूस परगावी गेल्यावरच कळावे, तसे हे आहे. ज्याला पेटी काढावयाची आहे त्याने ही पाच कामे आधी ओळखावीत, आणि त्यांतील प्रत्येक काम यापुढे कोण करणार याचे उत्तर द्यावे. ते उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याला झाकण उघडण्याचा अधिकार नाही.

पहिले काम आधाराचे. बोर्ड ही कडक दिसणारी, पण वाकणारी वस्तू आहे. काचतंतू आणि राळ यांच्या थरांतून तांब्याच्या केसाएवढ्या वाटा तिच्यात पसरलेल्या असतात. मेमरीची पट्टी बसविताना अंगठ्याने बराच जोर द्यावा लागतो. त्या वेळी खाली आधार नसेल तर बोर्ड मध्ये लवतो, आणि डोळ्यांना न दिसणारी एखादी वाट तडकते. पेटीत बोर्डाच्या प्रत्येक भोकाखाली एक पितळी टेकू असतो. बाजारात त्याला ‘स्टँडऑफ’ म्हणतात. ही भोके कोठे असावीत हेही ठरलेले आहे. इंटेल कंपनीने १९९५ साली ‘एटीएक्स’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील पूर्ण मापाचा बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो. त्याचे धाकटे भावंड ‘मायक्रो एटीएक्स’ हे दोन्ही बाजूंनी २४४ मिलिमीटर, आणि २००१ सालचे ‘मिनी आयटीएक्स’ दोन्ही बाजूंनी अवघे १७० मिलिमीटर. धाकट्याची बहुतेक भोके थोरल्याच्या भोकांशी जुळतात, ही मोठी सोय आहे; कारण एकदा नीट आखलेली फळी पुढे अनेक बोर्डांच्या उपयोगी पडते. काही कंपन्यांनी आपापल्या संगणकांसाठी निराळी मापे वापरली आहेत. अशा बोर्डाला बाजारातली साधी पेटी बसतच नाही, आणि त्याला तर फळीच तारते.

दुसरे काम अंतर राखण्याचे. बोर्डाच्या पाठीवर डाखाचे शेकडो टोकदार बिंदू असतात. त्यांतील दोन बिंदू धातूने जोडले गेले की जेथे वीज जाऊ नये तेथे जाते. पितळी टेकू बोर्डाला पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, वर उचलून धरतात ते याचसाठी. जो घाईने उघडा बोर्ड स्टीलच्या टेबलावर वा ताटावर ठेवून बटण दाबतो, त्याचा बोर्ड क्षणात कायमचा मुका होऊ शकतो. येथे एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. नवा बोर्ड ज्या चकाकत्या करड्या पिशवीत येतो ती पिशवी स्थितिक विजेपासून रक्षण करते, म्हणून पुष्कळजण तीच खाली अंथरून वर बोर्ड चालवितात. परंतु त्या पिशवीत धातूचा पातळ थर असतो. पाठीमागची टोके टोचून त्या थराला लागली की रक्षकच भक्षक होतो. पिशवी बोर्ड ठेवण्यासाठी आहे, चालविण्यासाठी नव्हे.

तिसरे काम वाऱ्याचे. पेटीतले पंखे पुढून हवा आत घेतात व मागून बाहेर टाकतात. पेटी काढली की हवा मोकळी होते हे खरे, पण तिचा ओघ नाहीसा होतो. प्रोसेसरवरचा पंखा आपले काम करीत राहतो. मात्र ज्या भागांवर स्वतःचा पंखा नाही, नुसत्या धातूच्या पाकळ्या आहेत, ते भाग पेटीतल्या वाऱ्यावर अवलंबून असतात. तेव्हा उघड्या बोर्डाच्या बाजूला एखादा लहान पंखा लावणे हिताचे. शिवाय मोकळ्या हवेबरोबर धूळही मोकळी येते, आणि आपल्याकडे धुळीला ओलाव्याची जोड मिळते.

चौथे काम पहाऱ्याचे. पेटीमुळे बोर्डावर टाचणी पडत नाही, पाण्याचा पेला कलंडत नाही, मुलीच्या हातातले काकण आतल्या टोकांना लागत नाही. शिवाय आपल्या घरांत पाली आहेत, मुंग्या आहेत. उबदार जागा शोधत पाल येते आणि जेथे जाऊ नये तेथे जाऊन बसते. मग पालही जाते आणि यंत्रही.

पाचवे काम सर्वांत सूक्ष्म आहे, ते म्हणजे रेडिओलहरी अडविण्याचे. संगणकातील विद्युत्-स्पंदने इतक्या वेगाने चालतात की, त्यांतून लहरी बाहेर पडतात आणि जवळच्या रेडिओत खरखर उमटते. अमेरिकेत घरगुती संगणक येऊ लागताच या उपद्रवाच्या तक्रारी वाढल्या आणि १९७९ साली तेथील दळणवळण आयोगाला त्याविषयी नियम करावे लागले. लोखंडी पेटी या लहरींना बऱ्याच अंशी आतच ठेवते. उघड्या बोर्डाजवळ मध्यम लहरींवर लावलेला जुना रेडिओ नेऊन पाहावा. संगणक सुरू होताच जो आवाज येईल तो विज्ञानाच्या तासाला एक उत्तम पाठ ठरेल. मात्र तोच बोर्ड रात्रंदिवस चालू ठेवून शेजाऱ्यांच्या रेडिओला त्रास देणे शिष्टाचाराला धरून होणार नाही.

या पाच कामांची जाण ठेवून पेटी टाकून देणारी माणसे जगात होऊन गेली आहेत, आणि त्यांनी मोठी कामे केली आहेत. १९७६ साली स्टीव्ह वॉझनियाक आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी ‘ॲपल-१’ नावाचा संगणक विकावयास काढला, तेव्हा ६६६ डॉलर ६६ सेंटना ग्राहकाच्या हाती पडे तो नुसता जोडलेला बोर्ड. पेटी नाही, कळफलक नाही, पडदा नाही, वीज उतरविणारा ट्रान्सफॉर्मरही नाही. असे सुमारे २०० बोर्ड तयार झाले, आणि कित्येक ग्राहकांनी ते स्वतःच्या हाताने केलेल्या लाकडी पेट्यांत बसविले. त्यांतील अशा लाकडी पेटीतला एक आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. पुढे १९९९ साली, गूगल ही कंपनी अगदी नवी असताना, तिने जागा व पैसा वाचविण्यासाठी आपल्या सेवायंत्रांच्या पेट्याच काढून टाकल्या आणि एकेका धातूच्या ताटात चार-चार बोर्ड शेजारी शेजारी मांडले. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ताट आणि बोर्ड यांच्यामध्ये त्यांनी बुचाचे पातळ अस्तर घातले होते. पेटी टाकली, पण अंतर राखण्याचे तिचे काम टाकले नाही! ते काम बाटलीच्या बुचाला लागणाऱ्या साध्या सालीकडे सोपविले. माझे सर्व म्हणणे या एका उदाहरणात आले.

आता फळी कशी सिद्ध करावी ते सांगते. फळी वाळलेल्या लाकडाची असावी. फणसाची वा सागाची जुनी फळी, अथवा बारा मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवूड चालेल. ओले लाकूड विजेला थोडीफार वाट देते, म्हणून पावसाळ्यात अंगणात पडलेली फळी घेऊ नये. आणि तिला धातूची पूड असलेला चंदेरी रंगही लावू नये. प्रथम फळीवर एक जाड कागद चिकटवावा, त्यावर बोर्ड अलगद ठेवून प्रत्येक भोकातून पेन्सिलीने खूण करावी, आणि मग बोर्ड दूर ठेवून खुणांवर गिरमिटाने भोके पाडावीत. बोर्ड जागेवर असताना गिरमिट चालविणे म्हणजे मूल पाळण्यात असताना पाळण्याला खिळे ठोकणे होय. लाकडाचा भुसा झाडून टाकल्यावर भोकांत पितळी टेकू बसवावेत आणि त्यांवर बोर्ड स्क्रूंनी धरावा. स्क्रूचे डोके बोर्डावरील भोकाभोवतीच्या धातूच्या कड्याबाहेर जाता कामा नये. स्क्रू बोटांच्या जोराने बसेल तेवढाच पिळावा. पहिलवानी करू नये. बोर्डाला असलेल्या सर्व भोकांना टेकू द्यावेत, केवळ चार कोपऱ्यांवर भागवू नये.

एक गोष्ट सुताराच्याही ध्यानात येत नाही. पडद्याचे जे कार्ड बोर्डात उभे खोचतात, त्याच्या लोखंडी पट्टीची जीभ बोर्डाच्या पातळीखाली उतरते. पेटीत तिच्यासाठी खाच असते. फळीवर ती फळीला टेकते आणि कार्डाला खाचेतून वर ढकलू पाहते. संगणक आता चालतो, मग बंद पडतो, आणि कारण सापडत नाही. उपाय सोपा आहे. बोर्डाची मागची कड फळीच्या कडेबरोबर ठेवावी, म्हणजे जीभ फळीबाहेर मोकळी लोंबते. कार्ड जड असेल तर वेलाला देतो तसा त्याला एक लाकडी धिरा द्यावा.

बटणाचे काय? पेटीबरोबर पुढचे बटणही गेलेले असते. बोर्डावर त्यासाठी दोन बारीक खुंट्या असतात. त्या क्षणभर जोडल्या की संगणक जागा होतो. पुष्कळ कारागीर त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोडतात. हात सवयीचा असेल तर ते जमतेही, पण शाळेत ही सवय लावू नये. टोक घसरून शेजारच्या खुंटीला लागले तर काय होईल ते सांगता येत नाही. दारावरच्या घंटीचे नवे कोरे बटण, दोन पातळ तारा जोडून, फळीवर बसवावे. तेथे फार थोडा विद्युत्-दाब असतो, त्यामुळे हे बटण पुरते. शेवटी फळीच्या चार कोपऱ्यांवर चार लाकडी खुंट उभे करून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी बसवावी. बाजू मोकळ्या राहिल्याने वारा खेळतो, वरून काही पडत नाही, आणि सर्व काही दिसते. ती पाटी कोरड्या फडक्याने घासू नये, कारण घासल्याने तीवर स्थितिक वीज साठते. तेव्हा पहाऱ्याचे काम या पाटीने घेतले, अंतराचे व आधाराचे टेकूंनी घेतले, वाऱ्याचे लहान पंख्याने घेतले. लहरींचे काम फळी करू शकत नाही. म्हणून असा संगणक तासापुरता चालवावा आणि तास संपताच बंद करावा.

येथवर यंत्राच्या रक्षणाचा विचार झाला. मुलाच्या रक्षणाचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे, आणि तेथे मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही. बोर्डावर जी वीज खेळते ती ३.३, ५ आणि १२ व्होल्टची. तिने माणसाला झटका बसत नाही. मात्र अंगठी किंवा तार आडवी आली तर ती तापून भाजू शकते. खरे भय आहे ते ‘पॉवर सप्लाय’ नावाच्या लोखंडी डब्याचे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज त्या डब्यात शिरते, आणि आतल्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून अधिक दाबाने साठून राहते. वायर काढून घेतल्यानंतरही तो साठा काही काळ टिकतो. म्हणून हा डबा कोणीही उघडू नये. विद्यार्थ्याने नाही, आणि हौशी शिक्षकानेही नाही. बोर्डाची पेटी काढावी, पण या डब्याची पेटी कदापि काढू नये. तो फळीवर घट्ट बसवावा, त्याच्या पंख्याची जाळी मोकळी ठेवावी, आणि त्याच्या वायरीची पिन भिंतीतून काढल्यावाचून बोर्डाला हात लावू नये. संगणक बंद दिसत असला तरी पिन खोचलेली असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टची एक धारा जागी असते. पुष्कळ बोर्डांवर तिच्या खुणेचा एक बारीक दिवा लुकलुकत असतो. पिन काढल्यावर बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते आणि तो दिवा विझतो.

लाकडावर बसविलेल्या बोर्डाला अर्थिंग मिळत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पॉवर सप्लायच्या काळ्या तारा बोर्डाला त्या डब्याशी जोडतात आणि डबा तीन पिनांच्या वायरीतील जाड पिनेने जमिनीशी जोडलेला असतो. पण हे सारे त्या जाड पिनेवर अवलंबून आहे. ज्या खोलीतील सॉकेटला अर्थिंगची तारच नाही तेथे फळीवरचा संगणकच काय, पेटीतला संगणकही सुरक्षित नाही. म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी शाळेने परवानाधारक वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र त्या खोलीच्या फलकावर बसवून घ्यावे. हा खर्च फळीसाठी नव्हे. तो कोणत्याही शाळेने मुलांसाठी केलाच पाहिजे.

स्थितिक विजेविषयी दोन शब्द. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की कधी बोटाला चटका बसतो. तो चटका जाणवण्यास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. पण साठा अगदी थोडा असल्याने आपल्याला इजा होत नाही. बोर्डावरील काही नाजूक भागांना मात्र याहून कितीतरी कमी, आपल्याला जाणवणारही नाही इतका दाब मारून टाकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी पॉवर सप्लायच्या उघड्या धातूला हात लावावा आणि बोर्ड नेहमी कडेने धरावा. पावसाळ्यात दमट हवेमुळे हे भय कमी असते. परंतु त्या दिवसांत ओलाव्याचे भय असते. अडगळीच्या खोलीतून आणलेला बोर्ड एक-दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवल्यावाचून त्याला वीज देऊ नये. ज्याच्या कपॅसिटरांच्या टोप्या फुगल्या आहेत तो बोर्ड सुरूच करू नये. फळी जांभ्याच्या भिंतीला टेकवून टांगू नये, कारण ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. थर्माकोलवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात वा गादीवर ठेवून संगणक चालविणे हा तर शुद्ध अविचार होय. एक ठिणगी पुरे. आणि उघडा संगणक चालू ठेवून खोलीबाहेर जाणे कोणालाही क्षम्य नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘बाई, इतका खटाटोप करण्यापेक्षा नवी पेटीच का आणू नये?’ आक्षेप योग्य आहे. ज्या संगणकावर शाळेचे रोजचे काम चालते, जो वर्गाच्या वर्गाला हाताळावयाचा आहे, त्याला पेटी हवीच, आणि ती शाळेने आणावी. फळी काही काटकसरीचा उपाय म्हणून मी सुचवीत नाही. मी ती सुचविते शिकण्याचे साधन म्हणून. मनुष्यदेहाची रचना शिकविताना आपण सांगाडा कपडे घालून उभा करीत नाही. वर्गाला एक अशी फळी पुरे. आज आपल्या शाळांत मुलांना संगणकाला आज्ञा कशा लिहाव्या ते शिकविले जाते, आणि ते चांगलेच आहे. परंतु ती आज्ञा शेवटी कोणत्या तांब्याच्या वाटेने जाते हे ज्याने पाहिले नाही त्याचे ज्ञान अर्धेच राहते. लहान वर्गांसाठी याहूनही सौम्य साधन उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये मुलांच्या शिक्षणासाठीच तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याएवढा संगणक २०१२ साली बाहेर आला तो पेटीवाचूनच, आणि त्या बोर्डाला ५ व्होल्टच पुरतात. पाचवी-सहावीच्या मुलांनी त्यापासून आरंभ करावा; फळीचे काम नववी-दहावीच्या मुलामुलींनी शिक्षकांच्या देखत करावे.

दुसरा आक्षेप पालकांचा असेल : ‘पाहून पाहून मुले घरी असलेच उद्योग करू लागतील.’ वाचकहो, ती ते आजच करीत आहेत. बोर्ड भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली, टेबलावर नुसता पसरलेली चित्रे मुलांनी मोबाइलवर पाहिलेली आहेत. त्या चित्रांत बोर्ड दिसतो; टेकू, अर्थिंग आणि बंद ठेवलेला डबा दिसत नाही. मनाई करून ती चित्रे पुसली जाणार नाहीत. योग्य रीत एकदा डोळ्यांसमोर घडली तरच अयोग्य रीत ओळखू येईल. मात्र घरी असे काही करावयाचे झाल्यास वडीलधाऱ्यांना सांगितल्याशिवाय करू नये, ही अट मी विद्यार्थ्यांना आताच घालून ठेवते.

आणि जो बोर्ड खरोखरच मेला आहे त्याचे काय? तोही भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ नये. त्याच्या डाखात शिसे असू शकते, आणि तो जाळून तांबे काढणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्याचा धूर जातो. आपल्या देशात ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच असा माल सोपवावा. जिवंत बोर्डाला फळी आणि मेलेल्याला योग्य सद्गती, एवढे शाळेने केले तर अडगळीच्या खोलीचा प्रश्न सुटेल.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्राचे झाकण काढण्याची तुमची इच्छा मला मोडावयाची नाही. मोडावयाचा आहे तो एक गैरसमज, की झाकण काढले म्हणजे आपण मोकळे झालो. झाकण जी कामे करीत होते ती त्या क्षणी तुमच्या अंगावर येतात. अंतर तुम्ही राखावयाचे, वारा तुम्ही पाहावयाचा, पहारा तुम्ही करावयाचा, आणि दिवस संपला की पिन तुम्ही काढावयाची. येत्या वर्षी आपल्या शाळेत अशी एक फळी उभी राहावी, तिच्या मागच्या बाजूला ही पाच कामे तुमच्याच अक्षरांत लिहिलेली असावीत, आणि प्रत्येक कामापुढे ते आता कोण करतो त्याचे उत्तर असावे. ते उत्तर ज्या मुलाला वा मुलीला न अडखळता देता येईल, त्याच्या हाती मी स्क्रू-ड्रायव्हर निःशंकपणे देईन.